शौलाचं घराणं खरंच बुडालं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गिलबोवाच्या डोंगरावर पलिष्ट्यांशी लढताना शौल आणि त्याचे तीन मुलगे एकाच दिवशी पडले. चौथ्याचा पुढे झोपेत खून झाला. त्यानंतर गादीवर आलेल्या दावीदाने घरातले आणखी सात जण गिबोन्यांच्या, म्हणजे गिबोन गावच्या जमातीच्या, हवाली केले. मग इस्राएलच्या पहिल्या राजाचा वंश तिथेच बुडाला का? आणि तो दावीदानेच ठरवून बुडवला का? रविवारच्या अभ्यासवर्गात कॉलेजातल्या एका मुलीने हे विचारलं आणि तुम्हाला उत्तर देता आलं नाही, असं तुम्ही लिहिलंय.

उत्तर आधी देतो. वंश बुडाला नाही. राज्य गेलं, वंश राहिला, आणि किती पिढ्या राहिला ते नावानिशी लिहून ठेवलेलं आहे. दावीदाबद्दलचं उत्तर इतकं सरळ नाही, त्यासाठी दोन-तीन ठिकाणी थांबून वाचावं लागेल.

मी तीस वर्षं मराठीतून जुना करार शिकवतोय. शौलाच्या घराण्याचा विषय निघाला की घोळ बहुतेक एका ओळीपाशी होतो: १ इतिहास १०:६. तिथे म्हटलंय की शौल, त्याचे तिघे पुत्र आणि त्याचं सगळं घराणं एकदमच मेलं. ही ओळ वाचली की माणूस वही मिटतो. पण त्याच पुस्तकाची दोन पानं मागे उलटा. आठव्या अध्यायाच्या शेवटी, आणि पुन्हा नवव्याच्या शेवटी, शौलाच्या वंशजांची यादी आहे. योनाथानापासून खाली पिढ्यामागून पिढ्या, आणि तीच यादी जवळजवळ जशीच्या तशी दोनदा. "सगळं घराणं मेलं" असं लिहिणाऱ्यानेच त्या वाक्याच्या ऐन आधी जित्या घराण्याची वंशावळ लावलेली आहे. हे त्याच्या नजरेतून निसटलं असेल असं मला वाटत नाही. त्याला तिथे राजघराणं म्हणायचंय: गादी, सैन्य, वारसाहक्क. आपल्याकडे संस्थानं खालसा झाली तरी घराणी राहिली, तेव्हा हा फरक मराठी माणसाला फार समजवावा लागू नये.

आता घरात कोण कोण होतं ते पाहू, कारण अर्धे प्रश्न नावांच्या गुंत्यातच अडकलेले असतात.

शौल बन्यामीन वंशातला, कीशाचा मुलगा, गिबा गावचा. गिबा म्हणजे यरुशलेमच्या उत्तरेला पाचेक किलोमीटरवरची टेकडी, जिला आज तेल एल-फूल म्हणतात. १९२२ साली विल्यम ऑलब्राइट यांनी तिथे उत्खनन केलं, एका जुन्या गढीचा कोपरा सापडला, आणि ही शौलाचीच गढी असं त्यांनी मांडलं. त्यावर अजून एकमत नाही. त्याच टेकडीवर १९६०च्या दशकात जॉर्डनचे राजे हुसेन यांनी राजवाडा बांधायला घेतला होता. १९६७च्या युद्धाने काम थांबलं आणि काँक्रीटचा सांगाडा तसाच उभा राहिला. पहिल्या राजाच्या गावात एक अर्धा राहिलेला राजवाडा. मला त्या सांगाड्याचे फोटो पाहिले की गलबलून येतं.

शौलाची बायको अहीनवाम, अहीमासाची मुलगी. मुलगे योनाथान, मलकीशुवा, अबीनादाब आणि एशबाल. १ शमुवेल १४:४९ मध्ये यिश्वी असं एक नाव येतं, ते बहुधा एशबालाच्याच नावाचं दुसरं रूप असावं. मुली दोन: थोरली मेरब, धाकटी मीखल. शिवाय रिस्पा, अय्याची मुलगी, ही शौलाची उपपत्नी. तिचे मुलगे अर्मोनी आणि मफीबोशेथ. आणि योनाथानाच्या मुलाचंही नाव मफीबोशेथच. चुलत्या-पुतण्याचं एकच नाव! वर्गात इथे हमखास गल्लत होते, म्हणून फळ्यावर दोन्ही मफीबोशेथ आईबापांच्या नावांसकट वेगवेगळे लिहा. सेनापती अबनेर हा नेराचा मुलगा. आता हा नेर १ शमुवेल १४:५१ प्रमाणे कीशाचा भाऊ ठरतो आणि १ इतिहास ८:३३ प्रमाणे कीशाचा बाप. हे जुळवायचे बरेच प्रयत्न झालेत, मला त्यातला एकही पटलेला नाही. दोन घरच्या दोन वह्या होत्या असं मी सांगतो आणि पुढे जातो.

"बोशेथ" या शब्दाबद्दल मात्र नीट सांगायला हवं. हिब्रूत बोशेथ म्हणजे लाज. शमुवेलाच्या पुस्तकात शौलाच्या एशबालाचं नाव ईश-बोशेथ असं येतं, म्हणजे लाजेचा माणूस. कुठला बाप पोटच्या पोराचं असं नाव ठेवील? ठेवलंच नव्हतं. इतिहासाच्या यादीत खरी नावं टिकली आहेत: एशबाल आणि मरीब्बाल (म्हणजे योनाथानाचा मफीबोशेथ). बाल म्हणजे धनी, मालक. नवऱ्यालाही हिब्रूत बाल म्हणत, जशा आपल्याकडच्या जुन्या बायका "आमचे धनी" म्हणायच्या. शौलाच्या काळात देवाला धनी म्हणण्यात कुणाला वावगं वाटत नसावं. पुढे कनानी बालदेवाच्या पूजेशी झगडा वाढला, आणि मला यापुढे "माझा बाल" म्हणू नकोस असे शब्द होशेय संदेष्ट्याने देवाच्या तोंडी घातले. मग नकला करणाऱ्यांनी शमुवेलाच्या पुस्तकात त्या नावांतला बाल काढून बोशेथ बसवला. हे केवळ तर्काचं राहिलेलं नाही. एलाच्या खोऱ्यावरच्या खिर्बेत कैयाफा इथे २०१२ साली एका मातीच्या रांजणाचे तुकडे सापडले. ते जोडल्यावर त्यावर "एशबाल बेन बेदा" ही अक्षरं वाचता आली. वाचन २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. रांजण सुमारे ३,००० वर्षांपूर्वीचा, म्हणजे शौल-दावीदाच्या काळाच्या आसपासचा. हा एशबाल बेदाचा मुलगा, शौलाचा नव्हे. पण ते नाव त्या काळी लोक आपल्या मुलांना ठेवत होते, एवढं त्या रांजणाने दाखवून दिलं. शौलाच्या पोराच्या नावातली लाज नंतरच्या लोकांनी चिकटवलेली आहे, हे वर्गातल्या मुलीला जरूर सांगा.

गिलबोवानंतर काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. पलिष्ट्यांनी शौलाचं डोकं कापलं आणि धड बेथ-शानच्या तटाला टांगलं, मुलांची प्रेतंही. ती उतरवायला स्वतःच्या वंशाचं कुणी आलं नाही. आले ते यार्देनपलीकडच्या याबेश-गिलादचे लोक. रात्रभर चालत आले, प्रेतं काढली, गावी नेऊन जाळली, हाडं झाऊच्या झाडाखाली पुरली आणि सात दिवस उपास केला. का आले? एक कारण सगळे सांगतात: शौलाने राजा म्हणून पहिली लढाई याच गावासाठी लढली होती, अम्मोनी नाहाश तिथल्या प्रत्येकाचा उजवा डोळा काढायला निघाला होता तेव्हा. दुसरं कारण शास्ते २१ मध्ये आहे आणि ते बहुधा वाचायचं राहून जातं. यादवी युद्धात बन्यामीन वंश जवळजवळ नष्ट झाला, ६०० पुरुष उरले, त्यांना बायका हव्या होत्या. इस्राएलांनी याबेश-गिलादवर हल्ला करून गाव कापून काढलं आणि तिथल्या ४०० कुमारिका त्या पुरुषांना दिल्या. अतिशय क्रूर गोष्ट आहे ती. पण त्यामुळे याबेश हे बन्यामिन्यांचं आजोळ झालं. तटावरून प्रेतं उतरवायला आली ती आजोळची माणसं होती.

ईश-बोशेथाचं राज्य मी चटकन सांगतो. अबनेराने त्याला महनाईमला गादीवर बसवलं, दोन वर्षं तो राहिला, अबनेराशी त्याचं बिनसलं, अबनेर दावीदाकडे गेला, दावीदाचा सेनापती यवाब याने हेब्रोनच्या वेशीत अबनेराला मारलं. मग ईश-बोशेथाच्याच दोन सरदारांनी भर दुपारी, तो झोपलेला असताना, त्याचं डोकं कापून दावीदाकडे नेलं. दावीदाने बक्षीस देण्याऐवजी त्या दोघांना ठार करवलं आणि ते डोकं अबनेराच्या थडग्यात पुरलं. दावीदावरच्या आरोपाचा विचार करताना ही गोष्ट त्याच्या बाजूने धरायला हवी.

याच धामधुमीत मीखलेचा विषय येतो. ती दावीदावर प्रेम करत होती असं १ शमुवेल १८ मध्ये दोनदा लिहिलंय. जुन्या कराराच्या कथांमध्ये बाईचं पुरुषावर प्रेम होतं असं नाव घेऊन सांगितलेलं हे एकच उदाहरण. तिनेच दावीदाला खिडकीतून सोडून वाचवलं. तो परागंदा झाल्यावर बापाने तिला पालतीएलाला दिली. दावीदाने सत्ता येताना तिला परत मागितली, आणि तो पालतीएल रडत रडत बहूरीमपर्यंत तिच्या मागे चालत गेला. अबनेर "परत जा" म्हणाला तेव्हा फिरला. त्याच्याबद्दल एवढंच एक वाक्य आहे. मीखलेला मरेपर्यंत मूल झालं नाही. शौल आणि दावीद या दोन्ही रक्तांचा वारस तिच्या पोटी आला असता, म्हणून ते वाक्य लेखकाने मुद्दाम नोंदवलंय.

आता २ शमुवेल २१. तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे, तर इथे सावकाश जाऊ.

तीन वर्षं दुष्काळ पडला. दावीदाने परमेश्वराला विचारलं, उत्तर आलं की शौलाने गिबोन्यांना मारलं त्याचं रक्त त्याच्या घराण्यावर आहे. यहोशवाच्या काळी बुरसटलेल्या भाकरी आणि फाटक्या वहाणा दाखवून गिबोन्यांनी इस्राएलकडून जीवदानाची शपथ घेतली होती, ती शौलाने मोडली. ही कत्तल कधी, कशी झाली हे मात्र शौलाच्या हकिकतीत कुठेच येत नाही. १ इतिहास ८:२९ पासून पाहिलं तर शौलाचे पूर्वज गिबोनातच राहत होते. म्हणजे हे एका शिवारातल्या दोन जमातींचं, जमिनीवरून पेटलेलं वैर असावं असा माझा अंदाज आहे. अंदाजच, पण गावकी-भावकी जवळून पाहिलेल्या माणसाला तो पटतो. गिबोन्यांनी सोनं-चांदी नाकारली आणि शौलाच्या वंशातले सात पुरुष मागितले. दावीद म्हणाला, देतो.

त्याने रिस्पेचे दोन मुलगे दिले आणि मेरबेचे पाच. हिब्रूच्या प्रचलित पाठात "मेरब" ऐवजी "मीखल" आहे, म्हणून काही भाषांतरांत तुम्हाला मीखल दिसेल. पण अद्रीएल महोलाथीशी लग्न मेरबेचं झालं होतं, १ शमुवेल १८:१९ मध्ये स्पष्ट आहे, आणि काही जुन्या हस्तलिखितांत मेरबच आहे. तालमुदात, म्हणजे यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथात, रब्बींनी दोन्ही राखायला सुंदर वाट काढली: मेरबेने जन्म दिला, मीखलेने वाढवलं, म्हणून ते तिचे म्हटले. पाठ म्हणून मी मेरब धरतो. पण त्या रब्बींना बिनमुलाच्या मीखलेची आठवण राहिली याचं मला अप्रूप वाटतं.

सातांना डोंगरावर परमेश्वरासमोर टांगलं. दिवस जवाच्या कापणीच्या सुरुवातीचे, म्हणजे आपल्या एप्रिलच्या सुमाराचे. आणि तिथे रिस्पा आली. तिने गोणपाट घेतलं, बकरीच्या केसांचं जाडंभरडं कापड, शोक करणारे अंगावर घेत ते. ते तिने खडकावर अंथरलं. कापणी सुरू झाल्यापासून आकाशातून प्रेतांवर पाणी पडेपर्यंत तिने दिवसा पाखरांना आणि रात्री रानातल्या जनावरांना त्या देहांना शिवू दिलं नाही. पाऊस हंगामाचा धरला तर तो त्या देशात ऑक्टोबरच्या आसपास सुरू होतो. अवकाळी आला असेल तर आधी. काही आठवडे की सहा महिने, तुम्ही ठरवा. त्या मुलखात उन्हाळ्यात पावसाचा थेंब नसतो, आणि देह उघड्यावर होते.

लक्षात घ्या, नियमशास्त्रात, अनुवाद २१:२३ मध्ये, टांगलेल्याचं प्रेत रात्रभर तसं ठेवू नये, त्याच दिवशी पुरावं असं सांगितलेलं आहे. ते इथे कुणी पाळलं नाही. राजाने नाही, याजकांनी नाही. आणि तिच्या सात देहांत तिचे फक्त दोन होते. उरलेले पाच मेरबेचे, शौलाच्या लग्नाच्या बायकोच्या लेकीचे. तिने निवड केली नाही, सातांचीही राखण केली.

"राखण" हा शब्द मला सुचलेला नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी नगरकडच्या एका खेड्यात मी हा अध्याय शिकवत होतो. हिब्रू क्रियापद समजावताना माझी ओढाताण चालली होती. मागच्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या आजी, ज्यांनी सगळं आयुष्य दुसऱ्याच्या ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभं राहून गोफण फिरवली होती, त्या म्हणाल्या, "राखण केली की ओ तिनं. दिवसा पाखरं, रात्री डुकरं. झोप नसती राखणीला." वर्ग गप्प झाला. मी तेव्हापासून दुसरा शब्द वापरलेला नाही. रिस्पा या नावाचा अर्थ तापलेला दगड, निखारा. यशयाच्या ओठांना देवदूताने लावलेला निखारा, त्याला हिब्रूत हाच शब्द आहे.

तिने राजाला एक शब्द बोलल्याची नोंद नाही. सगळ्या पुस्तकात ती कुठेच बोलत नाही. आधी अबनेर आणि ईश-बोशेथ तिच्यावरून भांडले तेव्हाही नाही. पण ती काय करतेय हे कुणीतरी दावीदाला सांगितलं, आणि मग तो हलला. याबेशला जाऊन शौल आणि योनाथानाची हाडं आणली, टांगलेल्यांची हाडं गोळा करवली, आणि शौल-योनाथानाला बन्यामीनातल्या सेला इथे कीशाच्या थडग्यात पुरलं. शौल शेवटी बापाशेजारी गेला तो या बाईमुळे.

आणि मग चौदाव्या ओवीच्या शेवटी एक वाक्य आहे, ते वर्गात मोठ्याने वाचून घ्या: यानंतर देशासाठी केलेली विनंती देवाने ऐकली. कशानंतर? सातांना मारल्यावर नाही. पुरल्यावर. लेखकाने ते वाक्य मुद्दाम तिथे ठेवलंय असं मी मानतो, आणि या अध्यायाचा अर्थ माझ्यासाठी त्या जागेवर ठरतो.

आता दावीदाने हे ठरवून केलं का? त्याचा फायदा झाला हे उघड आहे. गादीवर हक्क सांगू शकतील असे सात पुरुष एका दिवसात गेले. त्याच्याच काळात लोक हे बोलत होते. गेराचा मुलगा शिमी, शौलाच्या कुळातला, मुलगा अबशालोम याच्या बंडात पळणाऱ्या दावीदावर दगड-माती फेकत ओरडला की तू रक्तपाती आहेस, शौलाच्या घराण्याचं रक्त देव तुझ्यावर उलटवतोय. दावीदाने त्याला मारू दिलं नाही. बोलू द्या त्याला, म्हणाला. पण याहून जड गोष्ट १ शमुवेल २४ च्या शेवटी आहे. एन-गेदीच्या गुहेत दावीदाने हाती लागलेल्या शौलाला जिवंत सोडलं, त्यानंतर शौलाने रडून दावीदाकडून शपथ मागितली: माझ्यामागे माझं बीज तोडू नकोस, माझ्या बापाच्या घराण्यातून माझं नाव पुसू नकोस. आणि दावीदाने शपथ वाहिली. जिवलग मित्र योनाथानाशी, त्याच्या घराण्याला जपण्याचा, केलेला करार वेगळा, ही शपथ वेगळी. २ शमुवेल २१ मध्ये दावीदाने योनाथानाच्या मफीबोशेथाला वाचवलं ते योनाथानाच्या शपथेसाठी असं लिहिलंय. शौलाला दिलेल्या शपथेचा तिथे उल्लेखही नाही.

माझं मत विचाराल तर असं: दावीदाने कट रचला असं ग्रंथ म्हणत नाही, आणि मीही म्हणणार नाही. पण मोडलेल्या एका शपथेची भरपाई करताना त्याने दुसरी शपथ पणाला लावली, आणि त्याला अडवणारं तिथे कुणी नव्हतं. ज्या समाजाने हा ग्रंथ दावीदाच्या वंशाचं राज्य असताना जपला, त्यानेच ही शपथ, शिमीचा आरोप आणि रिस्पेचं गोणपाट काहीच गाळलं नाही. त्या मुलीला हे सांगा. तिचा संशय ग्रंथाच्या बाहेरचा नाही, तो ग्रंथातच लिहिलेला आहे.

राहिला योनाथानाचा मुलगा. गिलबोवाची बातमी आली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. दाई त्याला घेऊन पळाली, घाईत तो पडला आणि दोन्ही पायांनी अधू झाला. यार्देनपलीकडे लो-दबारला माखीर नावाच्या माणसाच्या घरी तो वाढला. दावीदाने "शौलाच्या घराण्यातलं कुणी उरलंय का, ज्याच्यावर मी योनाथानासाठी दया करीन" असं विचारलं तेव्हा शौलाचा जुना चाकर सीबा याने त्याचा ठावठिकाणा सांगितला. नवव्या अध्यायातला हा प्रश्न, "कुणी उरलंय का", सातांच्या मृत्यूनंतरचाच वाटतो. एकविसावा अध्याय पुस्तकाच्या शेवटी पुरवणीत आहे, काळाने तो बहुधा आधीचा. दावीदाने शौलाची सगळी जमीन मफीबोशेथाला परत दिली, सीबा, त्याचे पंधरा मुलगे आणि वीस नोकर कसायला दिले, आणि मफीबोशेथाला रोज राजाच्या पंगतीला बसवलं. ही दया होती आणि नजरकैदही होती. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

बंडाच्या वेळी सीबाने दोनशे भाकरी आणि द्राक्षारसाचा बुधला आणून सांगितलं की धनी यरुशलेमात बसून राज्य परत मिळायची वाट पाहतोय. दावीदाने तिथल्या तिथे सगळी जमीन सीबाला देऊन टाकली. बंड मोडून तो परतला तेव्हा मफीबोशेथ सामोरा आला. राजा गेल्या दिवसापासून त्याने पायांची निगा केली नव्हती, मिशा कातरल्या नव्हत्या, कपडे धुतले नव्हते. म्हणाला, चाकराने फसवलं, मी पांगळा, गाढवावर खोगीर घालून द्यायला सांगितलं होतं. खरं कोण बोलत होतं यावर भाष्यकारांचे दोन तट आहेत. मी मफीबोशेथावर विश्वास ठेवतो, त्या पायांमुळे. राज्याची आशा धरलेला माणूस आठवडेच्या आठवडे अधू पायांची हेळसांड करत नाही. दावीद मात्र वैतागून म्हणाला, जमीन दोघांत वाटून घ्या. मफीबोशेथ म्हणाला, सगळीच त्याला घेऊ द्या, माझा धनी सुखरूप घरी आला. त्यानंतर तो ग्रंथात बोलत नाही. पण त्याला मीखा नावाचा लहान मुलगा होता, हे नवव्या अध्यायात सहज सांगून टाकलेलं आहे. सगळा वंश त्या पोरापासून पुढे गेला.

वारसा म्हणाल तर तो रक्तापलीकडेही गेला. एस्तेरच्या पुस्तकात मर्दखयाची ओळख याईराचा मुलगा, शिमीचा, कीशाचा, बन्यामिनी अशी दिली आहे, आणि त्याचा वैरी हामान अगागी आहे. शौलाने अमालेक्यांचा राजा अगाग याला जिवंत ठेवलं आणि लुटीतलं चांगलं ते राखलं, तिथेच त्याचं राज्य गेलं. एस्तेरमध्ये तीनदा लिहिलंय की यहुद्यांनी लुटीला हात लावला नाही. पूर्वजाची चूक वंशजांनी दुरुस्त केली, असं ते वाक्य वाचलं जातं. म्हणून पुरीम या एस्तेरच्या आठवणीच्या सणाआधीच्या शब्बाथाला सभास्थानांत १ शमुवेल १५ वाचतात. आपल्या कोकणातले बेने इस्राएल यहुदी या पुरीमला होळीचा सण म्हणत आले, कारण तो होळीच्या दिवसांतच येतो. पुढे तार्सचा एक बन्यामिनी मुलगा शौल याच नावाने वाढला आणि पौल म्हणून जगाला माहीत झाला. प्रेषितांची कृत्ये १३:२१ मध्ये तो आपल्या वंशातल्या त्या राजाचं नाव स्वतः घेतो. कुराणात शौल तालूत या नावाने येतो. जहांगीराच्या काळात फारसीत लिहिलेल्या एका इतिहासात पठाणांची वंशावळ तालूतापर्यंत नेलेली आहे. ती परंपरा लोक मानतात, ग्रंथांत तिला आधार नाही. वर्गात कुणी विचारलं तर एवढंच सांगा.

शेवटी ती यादी. १ इतिहास ८:३४ पासून वाचा. मरीब्बाल, मीखा, आहाज, यहोअद्दा, जिम्री, मोसा, बिना, राफा, एलासा, आसेल. नवव्या अध्यायात यहोअद्दाच्या जागी यारा दिसेल. हिब्रूत द आणि र ही अक्षरं इतकी सारखी आहेत की नकलाकाराच्या डोळ्यांनी दगा दिला. आहाजाच्या तीन भावांच्या मुलाबाळांची नावं आपल्याला मिळत नाहीत, पण एक धागा अखंड आहे, आणि तो पांगळ्या मुलातून जातो. आठव्या अध्यायात, फक्त तिथेच, आसेलाचा भाऊ एशेक याची शाखाही दिली आहे. शौलाला पहिला धरून मोजलं तर एशेकाचा मुलगा ऊलाम तेरावा.

दावीदाने गिलबोवावर जे विलापगीत रचलं त्यात योनाथानाचं धनुष्य कधी मागे फिरलं नाही असं म्हटलं होतं, आणि ते गीत यहूदाच्या लोकांना शिकवायला सांगितलं होतं. त्याचं नावच धनुष्य. यादीची शेवटची ओवी ऊलामाच्या मुलांविषयी आहे: ते शूर वीर, धनुर्धारी होते, त्यांना पुष्कळ मुलं-नातवंडं होती, एकशे पन्नास.